टोमॅटो, त्वचा आणि साबण : एका परदेशी फळाकडे वैद्यदृष्टीने पाहताना

गेल्या काही वर्षांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "वैद्यराज, चेहऱ्याला टोमॅटो लावला तर चालेल का?" प्रश्न विचारणारी बहुधा महाविद्यालयीन मुलगी असते, कधी तिची आईही असते. बहुतेक वेळा टोमॅटो आधीच लावून झालेला असतो आणि प्रश्न केवळ आमची संमती मिळविण्यापुरता उरलेला असतो. फार्मसीचालक मित्रांचा अनुभवही असाच आहे. ग्राहक दुकानात येतो आणि कडुनिंब, हळद, चंदन यांच्या साबणांच्या रांगेत टोमॅटोचा साबण आहे का, म्हणून विचारतो.

या प्रश्नाला आम्ही आजवर हसून उत्तर देत आलो. तथापि मध्यंतरी जुन्नर भागातील एका महिला बचत गटाच्या भगिनी आमच्याकडे आल्या आणि तो प्रश्न आम्हांला गंभीरपणे घ्यावा लागला. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ महाराष्ट्राला परिचित आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात याच टोमॅटोने किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला होता आणि त्यानंतर काही आठवड्यांतच भाव असे कोसळले की तोडणीची मजुरीही सुटेना. रस्त्याच्या कडेला ओतलेल्या लाल राशी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. या भगिनींचे म्हणणे सरळ होते. फेकून द्यावा लागणारा माल साबणात वापरता आला तर चार पैसे मिळतील. त्यांनी साबण करून आणला होता, वेष्टनाचा नमुनाही आणला होता. त्यावर 'आयुर्वेदिक टोमॅटो साबण – त्वचा उजळवणारा, डाग घालवणारा' असे छापलेले होते आणि खाली वैद्याच्या नावासाठी जागा मोकळी सोडली होती. ते नाव आमचे असावे, एवढीच त्यांची विनंती होती.

ते नाव द्यावे की न द्यावे, या एका निर्णयासाठी आम्हांला जो अभ्यास आणि जे प्रयोग करावे लागले, त्यांचा सारांश प्रस्तुत लेखात वैद्यबंधू-भगिनींसमोर व औषधनिर्मात्यांसमोर ठेवत आहोत.

फळाची कुळकथा

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वतराजीच्या प्रदेशातला. त्याची लागवड मेक्सिकोत रुजली आणि तेथील नाहुआत्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दावरून त्याला आजचे नाव मिळाले. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला. लिनियसने १७५३ मध्ये त्यास सोलॅनम लायकोपर्सिकम असे नाव दिले. म्हणजे वांगी, बटाटा, मिरची आणि आपली कंटकारी यांच्याच कुळातील ही वनस्पती होय.

यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांमध्ये टोमॅटो असणे शक्यच नाही. क्वचित काही पुस्तिकांतून 'प्राचीन आयुर्वेदात टोमॅटोचे महत्त्व सांगितले आहे' अशी वाक्ये वाचनात येतात, तेव्हा खेद होतो. शास्त्राचा गौरव करण्याच्या भरात आपण शास्त्राचीच विश्वासार्हता घालवीत असतो.

परंतु संहितेत नाही म्हणून त्याज्य, असाही आपल्या परंपरेचा दंडक नाही. जगात औषध नाही असे द्रव्यच नाही, हे चरकाचे मत प्रसिद्ध आहे. मात्र त्या द्रव्याची योजना युक्तीने व विशिष्ट हेतूने झाली पाहिजे, ही अट त्याच ठिकाणी आहे. न जाणलेले औषध हे विष, शस्त्र व अग्नी यांच्यासारखे घातक, असा इशाराही त्याच आचार्यांनी दिला आहे. नव्या द्रव्याच्या स्वीकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे चोपचिनी. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी फिरंग रोगाची नोंद केली आणि त्यावर चोपचिनी हे बाहेरून आलेले द्रव्य भावप्रकाशात समाविष्ट केले. आलेला रोग त्यांनी पाहिला, आलेले द्रव्य तपासले आणि मगच त्यास ग्रंथात स्थान दिले. टोमॅटोच्या बाबतीत आपण हीच पद्धत अनुसरावी, असे आम्हांस वाटते.

द्रव्य म्हणून विचार

पिकलेल्या टोमॅटोचा रस जिभेला अम्ल व किंचित मधुर लागतो. घटकांकडे पाहिले असता त्यात सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात शर्करा, सायट्रिक व मॅलिक ही आम्ले, क जीवनसत्त्व आणि लायकोपीन नावाचे तांबडे रंगद्रव्य प्रामुख्याने असते. शंभर ग्रॅम ताज्या फळात लायकोपीनचे प्रमाण साधारण अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाण व पक्वता यांनुसार त्यात बराच फरक पडतो. हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्नेहात विरघळते. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका गुणधर्मात आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

अम्ल रसाचे कार्य आपणांस नव्याने सांगावयास नको. अम्ल रस रुचिकर, दीपन व हृद्य आहे; परंतु अतियोगाने तो पित्त वाढवितो, रक्त दूषित करतो आणि क्षत किंवा दग्ध स्थानी पाक घडवितो, असे चरकाने सूत्रस्थानात स्पष्ट केले आहे. कुष्ठाच्या निदानातही अतिलवण व अतिअम्ल सेवनाचा उल्लेख आहे. त्वचेच्या रुग्णास टोमॅटो, चिंच व दही कमी करावयास आपण सांगतो, त्यामागे हीच भूमिका असते.

कच्च्या हिरव्या फळात आणि पानांत टोमॅटाइन नावाचे अल्कलॉइड असते. 'पाला तर फुकटच मिळतो' म्हणून त्याचा कल्क चेहऱ्यास लावण्याचा मोह कोणास झाल्यास त्यास तेथेच थांबवावे. टोमॅटोच्या बागेत तोडणी करणाऱ्या मजुरांच्या हातांना पाल्यामुळे खाज सुटते, हे त्या भागातील प्रत्येक वैद्याने पाहिलेले आहे.

चेहऱ्यावर थेट वापर : एक रुग्णानुभव

येथे एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. एक २२ वर्षांची रुग्णा चेहऱ्यावर दाह, लाली आणि गालांवर काळसर पट्टे अशा तक्रारी घेऊन आली. बहिणीच्या लग्नाआधी 'चमक' यावी म्हणून तिने अर्ध्या टोमॅटोवर साखर व लिंबाचा रस घेऊन चेहरा रोज घासला होता. चौथ्या दिवशी आग होऊ लागली, तेव्हा 'आग होते म्हणजे गुण येतो' असा सल्ला शेजारून मिळाला. सहाव्या दिवशी ती दुपारच्या उन्हात खरेदीस गेली आणि त्यानंतर चेहरा काळवंडला. लग्नाच्या छायाचित्रांत ती कोठेही समोर उभी नाही, हे तिच्या आईने सांगितले तेव्हा आम्हीही क्षणभर निःशब्द झालो.

या प्रकरणात दोष एकट्या टोमॅटोचा नव्हता. टोमॅटोच्या रसाचा पीएच साधारण ४.२ ते ४.६ असतो, निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच पाचच्या आसपास असतो. म्हणजे नुसता टोमॅटो त्वचेपेक्षा थोडासाच अधिक अम्ल ठरतो. लिंबाचा रस मात्र दोन ते अडीचच्या घरात असतो आणि पीएचमधील एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेता लिंबू हे टोमॅटोच्या सुमारे शंभरपट तीव्र अम्ल होते. त्यात साखरेच्या खड्यांचे घर्षण, म्हणजे उद्घर्षण, आणि वर आतप सेवन. पित्त व रक्त यांच्या प्रकोपास याहून अधिक काय हवे? आम्ही सर्व लेप बंद केले, शतधौत घृताचा बाह्य उपयोग केला, आतून पित्तरक्तशामक औषधे दिली आणि ऊन कटाक्षाने टाळावयास सांगितले. दाह आठवड्यात शमला. डाग फिके पडण्यास मात्र चार महिने लागले.

प्रकृती पाहून, अल्पकाळ आणि एकट्या टोमॅटोचा वापर करावयाचा असल्यास त्यास सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. तेलकट त्वचेवर त्यातील सौम्य आम्लांमुळे स्वच्छता व ताजेपणा जाणवतो. परंतु त्यास लेपाचेच नियम लागू पडतात, आणि ते नियम वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, घालून दिलेले आहेत. मुखलेपाचे दोषहर, विषहर व वर्ण्य असे तीन प्रकार. जाडी अनुक्रमे पाव, एक तृतीयांश व अर्धे अंगुळ. लेप पूर्ण सुकू देऊ नये, कारण सुकलेला लेप कांती बिघडवतो. काढताना तो ओला करून काढावा आणि नंतर स्नेह लावावा. लेप असताना ऊन, अग्नी, अतिभाषण, दिवास्वाप, शोक व क्रोध टाळावा. आज घरोघरी लेप 'कडक वाळेपर्यंत' ठेवला जातो आणि खरवडून काढला जातो. टोमॅटोपेक्षा ही चूक अधिक नुकसान करते, असे आमचे निरीक्षण आहे.

म्हणून आम्ही रुग्णांस पुढीलप्रमाणे सांगतो :

१) पूर्ण पिकलेले फळ स्वच्छ धुऊन, साल व बी काढून घ्यावे. फवारणीच्या मालाबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे.

२) प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडा गर लावून धुवावा व दोन दिवस वाट पाहावी. खाज, पुरळ अथवा लाली दिसल्यास पुढे जाऊ नये.

३) गरात मसुरीचे पीठ किंवा मुलतानी माती घालून पातळ लेप करावा, लिंबू, साखर व खाण्याचा सोडा यांस पूर्ण मज्जाव.

४) दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये, आठवड्यातून एकदाच लावावा, आणि धुतल्यावर तिळाच्या तेलाचा किंवा लोण्याचा हलका हात फिरवावा.

५) पित्तप्रकृती, कोरडी वा नाजूक त्वचा, विचर्चिका, फुटलेल्या तारुण्यपीटिका, नुकतेच केस काढलेली त्वचा यांवर लावू नये.

आणि ज्यास खरोखर वर्ण्य चिकित्सा हवी आहे, त्यास चरकाच्या वर्ण्य महाकषायातील चंदन, उशीर, यष्टिमधु, मंजिष्ठा, सारिवा ही परीक्षित द्रव्ये उपलब्ध असताना टोमॅटोचा आग्रह कशासाठी, हेही विचारावे.

साबणात टोमॅटोचे काय होते?

आता मूळ विषयाकडे येऊ. साबण म्हणजे तेल आणि क्षार यांचा संयोग. घरगुती पद्धतीत हा क्षार म्हणजे कॉस्टिक सोडा. टोमॅटो अम्ल, आणि ज्यात तो घालावयाचा ते मिश्रण तीव्र क्षार. या भेटीचा परिणाम काय होईल, हे सांगण्यास आधुनिक रसायनशास्त्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. सुश्रुताने सूत्रस्थानातील क्षारपाकविधीच्या अध्यायात क्षारदग्ध व्रणावर अम्ल द्रव्यांची योजना सांगितली आहे आणि आग्नेय क्षार अम्लाने कसा शांत होतो, ही शंका स्वतःच उपस्थित करून तिचे उत्तर दिले आहे. अम्लाशी संयोग झाला की क्षार आपली तीक्ष्णता सोडून माधुर्यास प्राप्त होतो. म्हणजे दोघेही आपापला स्वभाव टाकतात. हेच साबणाच्या भांड्यात घडते.

आकडेवारीत सांगावयाचे तर दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल सुमारे सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक सोडा निष्प्रभ करते. शंभर ग्रॅम टोमॅटोच्या रसात आम्ल जेमतेम अर्धा ग्रॅम असते. म्हणजे ते सोड्याचा फार तर एक तृतीयांश ग्रॅम खाते आणि स्वतः सोडिअम सायट्रेट होऊन संपते. तयार साबणाचा पीएच नऊ ते दहाच राहतो. 'टोमॅटोच्या आम्लामुळे हा साबण त्वचेच्या पीएचशी जुळतो' असे जे सांगितले जाते, ते असत्य आहे. खरा साबण अम्ल असूच शकत नाही. अम्ल केल्यास तो फुटून पुन्हा तेलकट आम्ले वेगळी होतात.

क जीवनसत्त्व क्षारात व उष्णतेत टिकत नाही. टोमॅटोतील शर्करा मात्र आपले अस्तित्व दाखविते; तिच्यामुळे मिश्रण अधिक तापते, रंग तपकिरीकडे झुकतो आणि फेस किंचित वाढतो. लायकोपीनचा काही अंश तेलात उतरून साबणास नारिंगी छटा देतो व ती उजेडात हळूहळू विटते. जो थोडा अंश उरतो, तो अर्ध्या मिनिटात फेसाबरोबर न्हाणीघराच्या मोरीत जातो. सारांश, टोमॅटोचा साबण हा मुख्यतः तेलाचा साबण असतो. त्याचे गुण चांगले असतील तर ते निवडलेल्या तेलांमुळे, तेल थोडे शिल्लक ठेवल्यामुळे आणि साबणातच राहिलेल्या ग्लिसरीनमुळे असतात.

आमचे प्रयोग आणि फसलेला पहिला घाणा

हे सर्व ग्रंथावरून व गणितावरून मांडता आले असते. तरी प्रत्यक्ष करून पाहावे म्हणून आमच्या सहकाऱ्यांनी त्या भगिनींसमवेत तीन घाणे केले. पहिला घाणा फसला. उत्साहाच्या भरात आम्ही पाण्याऐवजी सर्वच्या सर्व ताजा गर घेतला आणि त्यात सोडा टाकला. मिश्रण क्षणात उकळ्या मारू लागले, काळपट झाले आणि त्यातून उग्र वास सुटला. तशाही स्थितीत ओतलेल्या वड्यांवर तीन आठवड्यांत गराच्या तुकड्यांभोवती बुरशी धरली. भगिनींनी आणलेल्या नमुन्यातही असेच ठिपके होते. तो 'नैसर्गिक पोत' नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले.

तिसऱ्या घाण्याचे प्रमाण समाधानकारक ठरले, ते असे : खोबरेल तेल ३०० ग्रॅम, तिळाचे तेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७७ ग्रॅम, पाणी ८५ ग्रॅम आणि बारीक चाळणीतून गाळून गार केलेला टोमॅटोचा रस ८० ग्रॅम. या प्रमाणात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहते. सर्व जिन्नस, पाणीसुद्धा, काट्यावर तोलूनच घ्यावेत. वाटीच्या मापाने साबण करणे धोक्याचे. तेल बदलल्यास सोड्याचे प्रमाणही बदलते, हे विसरू नये.

सोडा संथपणे पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कदापि ओतू नये. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. ॲल्युमिनिअमशी सोड्याची क्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, आणि तांब्या-पितळेची वा कल्हईची भांडीही चालत नाहीत. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा अनिवार्य, खिडक्या उघड्या, मुले व जनावरे दूर. द्रावण व तेले दोन्ही कोमट, साधारण चाळीस अंशांपर्यंत उतरल्यावर एकत्र करून घोटावीत. मिश्रण कढीसारखे दाट होऊन पळीतून सोडलेली धार वर क्षणभर रेघ ठेवू लागली, की मगच टोमॅटोचा रस घालून भराभर ढवळावे व साच्यात ओतावे. रस शेवटी घातल्याने तो जळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या पाडून त्या हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे पिकू द्याव्यात. ओल्या वडीवर पीएच कागद टेकवून पाहावा. दहाच्या वर दाखविणारी वडी वापरू नये.

चुकून सोडा अंगावर उडाल्यास काय करावे, याविषयी एक सावधगिरीची सूचना. सुश्रुतोक्त अम्ल प्रयोग हा नियंत्रित क्षारकर्मानंतरचा, वैद्याच्या हातचा उपचार आहे. घरातील अपघातात लिंबू किंवा व्हिनेगर ओतण्यात वेळ घालवू नये. वाहत्या पाण्याखाली दीर्घकाळ धुवावे आणि डोळ्यात गेल्यास धुणे सुरू ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

तयार झालेला साबण उत्तम होता. फेस मऊ, रंग फिका नारिंगी. परंतु त्याच दिवशी टोमॅटोशिवाय केलेल्या वडीशी तुलना करता, डोळे मिटून वापरणाऱ्यांपैकी कोणासही फरक सांगता आला नाही. त्या भगिनींनीही ते प्रांजळपणे मान्य केले.

टोमॅटो त्वचेपर्यंत पोहोचतो, पण पोटातून

मग टोमॅटो आणि त्वचा यांचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो मनोरंजक आहे. जर्मनीतील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात स्वयंसेवकांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट लगदा १० ग्रॅम ऑलिव्ह तेलासह देण्यात आला. अखेरीस अतिनील किरणांमुळे येणारी त्वचेची लाली तुलनेच्या गटापेक्षा सुमारे चाळीस टक्के कमी आढळली. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियांना बारा आठवडे रोज ५५ ग्रॅम लगदा ऑलिव्ह तेलातून दिला असता त्याच दिशेचा निष्कर्ष मिळाला.

येथे दोन गोष्टी वैद्यदृष्टीने लक्षणीय आहेत. एक, टोमॅटो कच्चा नव्हे तर अग्निसंस्कार झालेला आणि स्नेहयुक्त होता. शिजविल्याने व स्नेहाच्या योगाने लायकोपीनचे शोषण वाढते. आपल्या घरातील तूप-जिऱ्याची फोडणी दिलेले टोमॅटोचे सार हे चेहऱ्यावरील फोडीपेक्षा या तत्त्वाच्या अधिक जवळ जाते. दुसरी, मात्रा. त्या लगद्यातून रोज सुमारे सोळा मिलिग्रॅम लायकोपीन मिळत होते, म्हणजे अंदाजे सहाशे ग्रॅम ताज्या टोमॅटोइतके. कोशिंबिरीतील दोन चकत्यांकडून ती अपेक्षा करू नये.

तसेच हे स्वयंसेवक निरोगी व गौरवर्णी होते, आणि मोजली गेली ती उन्हाने येणारी लाली. कोणत्याही त्वचारोगाची चिकित्सा नव्हे. त्यामुळे शीतपित्त, विचर्चिका, अम्लपित्त यांच्या रुग्णांस आपण सांगत असलेले अम्लवर्ज्य पथ्य या संशोधनाने बाधित होत नाही. स्वस्थास पथ्य आणि आतुरास पथ्य यांतील भेद आपणांस परिचित आहेच. रुग्णाने वर्तमानपत्रातील कात्रण पुढे केले, तर त्याचा अवमान न करता हा भेद समजावून सांगावा.

परवाना आणि लेबल

फार्मसीचालकांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या व्याख्येनुसार आयुर्वेदिक औषध हे पहिल्या अनुसूचीतील अधिकृत ग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार केलेले असावे लागते. प्रोप्रायटरी औषधातही घटकद्रव्ये त्या ग्रंथांतील पाठांत आलेली असावी लागतात. परवान्याविषयीच्या नियम १५८ बी मध्ये सौंदर्यप्रसादक असा वर्ग आहे, म्हणून काही निर्मात्यांची समजूत होते की, वनस्पतिज असलेले काहीही त्यात बसते. तसे नाही. अर्जात द्रव्याचा ग्रंथाधार दाखवावा लागतो, आणि टोमॅटोसाठी बृहत्त्रयीतील आधार कोणासही दाखविता येणार नाही.

याचा अर्थ टोमॅटोचा साबण विकताच येत नाही, असा नव्हे. साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे आणि विक्रीसाठीच्या निर्मितीस सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खालील राज्याचा परवाना घेऊन तो साध्या साबण म्हणून करता येतो. मात्र त्यावर 'आयुर्वेदिक' हा शब्द आणि रोग बरा करण्याचे दावे नसावेत. घरच्या वापरासाठी केलेली वडी वेगळी आणि दुकानात मांडलेली वडी वेगळी, हा फरक बचत गटांनाही समजावून देणे हे आपले कर्तव्य आहे. अन्यथा तपासणीत माल जप्त होतो, तेव्हा नुकसान त्या भगिनींचे होते. वैद्य मात्र नामानिराळा राहतो.

उपसंहार

अखेर आम्ही त्या वेष्टनावर नाव दिले नाही. ते सांगणे सोपे नव्हते. समोर बसलेल्या भगिनींपैकी एकीच्या शेतात त्या आठवड्यातही माल पडून होता, आणि 'वैद्यांनी सही केली असती तर' ही तिच्या चेहऱ्यावरील रेघ आम्हांला वाचता येत होती. परंतु ज्या शब्दाच्या आधारावर रुग्ण आपल्या दारात येतो, तो शब्द उसना देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही.

आम्ही त्यांना दोन गोष्टी सुचविल्या. साबण करावयाचा तर तिळाच्या व खोबऱ्याच्या तेलाचा चांगला साबण म्हणून, रीतसर परवाना घेऊन करावा; टोमॅटो त्यात रंगापुरता असू द्यावा आणि तसेच सांगावे. आणि फेकला जाणारा माल खरोखर वाचवावयाचा असेल तर एका घाण्यात ८० ग्रॅम रस खपवून तो कधीच वाचणार नाही. त्यास चुलीवर आटवून, तेलात परतून टिकाऊ लगदा करणे हा मार्ग अधिक सरळ आहे. अन्नपदार्थाचा परवाना त्यासाठी वेगळा लागतो, हेही सांगितले. मध्यंतरी त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत लगद्याच्या चार बाटल्या होत्या. वेष्टनावर फक्त 'टोमॅटो, तिळाचे तेल, मीठ' असे लिहिलेले होते. वैद्याच्या नावासाठी जागा सोडलेली नव्हती, आणि तिची आवश्यकताही नव्हती.

पुढील रुग्णा जेव्हा 'चेहऱ्याला टोमॅटो लावू का?' असे विचारील, तेव्हा तिला हसून वाटेस लावू नये. तिची प्रकृती पाहावी, त्वचा पाहावी, आजवर काय लावले ते विचारावे. प्रश्न टोमॅटोचा असला तरी तो विश्वासाने वैद्यास विचारलेला असतो, आणि त्या विश्वासाचा मान राखणे हीच आपली खरी प्रतिष्ठा होय.